मारहाण झालेली नाही, तरी संरक्षण आदेश मिळतो का?

सांगली जिल्ह्यात माहेरी राहणाऱ्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला नऊ वर्षे झाली, सहा वर्षांचा मुलगा आहे. चौदा महिन्यांपूर्वी त्या पुण्याचे सासर सोडून माहेरी आल्या आणि एका पतसंस्थेत नोकरीला लागल्या. त्यांनी परत नांदायला यावे म्हणून पतीने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला आहे. परंतु तो निरनिराळ्या क्रमांकांवरून दिवसात दहा-पंधरा वेळा फोन करतो, पतसंस्थेच्या दाराशी येऊन उभा राहतो, व्यवस्थापकांना त्यांच्या चारित्र्याबद्दल वाटेल ते सांगतो आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्यांची बदनामी करतो. सासूबाई फोनवरून शिव्या देतात, नणंदेने बोलणे टाकले आहे. पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली आणि हा नवरा-बायकोचा मामला आहे, कोर्टात जा, असे सांगून परत पाठवले. पतीने हात मात्र कधी उचललेला नाही. अशा स्थितीत न्यायालय त्याला मनाई करील का, त्यासाठी पुण्याला खेपा घालाव्या लागतील का, वर्षाहून अधिक काळ गेल्यामुळे उशीर झाला का, सासू आणि नणंद यांनाही सामील करावे का, आणि मुलाच्या भेटीचे काय होईल, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मनाई मिळू शकते, आणि मारहाणीचा एकही प्रसंग नसताना मिळू शकते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला, आणि तेव्हापासून मी ही प्रकरणे चालवत आले आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे. चांगल्या कारणाचे अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा त्रास कमी होता म्हणून नव्हे, तर अर्जात त्रासाचे वर्णन पानोपानी असते आणि घटना एकही नसते म्हणून. "सतत मानसिक छळ केला" हे वाक्य मी शेकडो अर्जांत वाचले आहे, आणि त्या वाक्यावर कोणत्याही दंडाधिकाऱ्यांना आदेश लिहिता येत नाही. त्यामुळे कायदा काय म्हणतो याच्या बरोबरीने तो न्यायालयासमोर कसा मांडावा लागतो हेही येथे सविस्तर सांगते.

आदेशाची कसोटी कलम १८ मध्ये आहे. दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावर, कौटुंबिक हिंसाचार घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, याबद्दल दंडाधिकाऱ्यांचे प्रथमदर्शनी समाधान झाले तर त्यांना संरक्षण आदेश देता येतो. यातील "किंवा" हा शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीसाठीही आदेश मागता येतो. हात उचलला जाईपर्यंत थांबा, असे कायदा सांगत नाही. "प्रथमदर्शनी" या शब्दाचाही अर्थ नीट समजून घ्यावा. फौजदारी खटल्यात आरोपीला शिक्षा देताना संशयाला जागा न उरणारा पुरावा लागतो, तो येथे लागत नाही. असा आदेश मागण्याचा अर्ज कलम १२ खाली होतो, आणि तो फौजदारी न्यायालयात चालत असला तरी ही कार्यवाही प्रामुख्याने दिवाणी स्वरूपाची आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा मनाईचा आदेश झाला म्हणजे पती गुन्हेगार ठरला असे होत नाही. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना "पोलीस केस नको" अशी भीती वाटत असेल, तर त्यांना हे शांतपणे समजावून सांगा. मनाई मोडल्यावर मात्र चित्र बदलते, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता हिंसाचार म्हणजे काय ते पाहू. कलम ३ मध्ये शारीरिक आणि लैंगिक अत्याचारांच्या सोबत शाब्दिक व भावनिक छळ आणि आर्थिक छळ हे दोन प्रकार स्वतंत्रपणे दिलेले आहेत. अपमान करणे, उपहास करणे, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलणे, जिच्याविषयी बाईला आस्था आहे अशा व्यक्तीला इजा करण्याच्या धमक्या वारंवार देणे, हे सर्व शाब्दिक व भावनिक छळात येते. घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन अडवून ठेवणे, जिच्यावर तिचा हक्क आहे ती मालमत्ता परस्पर विकणे, हे आर्थिक छळात येते. या कलमाला जोडलेले एक स्पष्टीकरण वकीलही पुष्कळदा विसरतात. एखादे वर्तन हिंसाचार ठरते की नाही हे पाहताना प्रकरणातील सर्व तथ्ये आणि परिस्थिती एकत्रितपणे विचारात घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. तुमच्या प्रकरणात ते फार उपयोगी आहे. एक फोन म्हणजे काहीच नाही. पतसंस्थेच्या दाराशी एकदा येऊन उभे राहणे हाही छळ नाही, कदाचित त्याला खरोखर बोलायचे असेल. परंतु "मला फोन करू नकोस" असे लेखी कळवल्यानंतरही फोन येत राहणे, क्रमांक अडवल्यावर दुसऱ्या क्रमांकावरून येणे, आणि त्याच आठवड्यात व्यवस्थापकांकडे चारित्र्याची चर्चा करणे, हे एकापुढे एक ठेवले की त्यातून जे उभे राहते त्याला कायदा छळ म्हणतो. म्हणून तसा संदेश अद्याप पाठवला नसेल, तर एकदाच, सभ्य भाषेत, एका वाक्यात पाठवा आणि त्यानंतर त्याच्याशी वाद घालणे पूर्णपणे थांबवा. तुम्ही रागाने दिलेली उत्तरे तो निश्चितपणे न्यायालयात दाखवील.

पहिल्या तारखेला न्यायालयात प्रत्यक्ष काय होते याची कल्पना असलेली बरी. दंडाधिकाऱ्यांसमोर त्या दिवशी साठ-सत्तर प्रकरणांचा बोर्ड असतो. तुमचा अर्ज त्यांच्या हाती चार-पाच मिनिटे राहतो. त्या मिनिटांत त्यांची नजर तारीख, वेळ, जागा, तोंडचे शब्द आणि कोणी पाहिले, एवढेच शोधत असते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका पक्षकार बाईंकडे ना ध्वनिमुद्रण होते ना संदेश, कारण त्यांच्याकडे साधा फोन होता. मी विचारले, तारखा कशा सांगाल? दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरातील भिंतीवरचे कॅलेंडर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आल्या. त्याच्या चौकोनांत दूध दीड लिटर, सिलिंडर लावला, गिरणीचे पैसे दिले, अशा नोंदी होत्या, आणि त्याच पेनाने, त्याच अक्षरात लिहिलेले होते, "रात्री ११.१० दार वाजवले, शेजारच्या काकू बाहेर आल्या." तीन महिन्यांत अशा अकरा नोंदी होत्या. न्यायाधीशांनी ती पाने स्वतः उलटून पाहिली आणि समोरच्या वकिलांना एवढेच विचारले की, या अकरा रात्रींपैकी आपले पक्षकार कोणत्या रात्री घरी होते हे सांगता येईल का. अंतरिम आदेश त्याच दिवशी झाला. दूध आणि सिलिंडर यांच्या मध्ये बसलेली नोंद कोणी खटल्यासाठी तयार केलेली नसते, हे अनुभवी न्यायाधीशाला पाहताक्षणी कळते.

तुमच्याकडे फोन आणि संदेश आहेत, त्यामुळे पुरावा अधिक आहे, परंतु तो सांभाळण्याची जबाबदारीही अधिक आहे. मूळ फोन विकू नका, बदलू नका, संदेश पुसू नका. पडद्याची छायाचित्रे काढताना क्रमांक, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, आणि संभाषणाच्या मधला सोयीचा तुकडा न घेता आधीचे व नंतरचे संदेशही घ्यावेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. अंतरिम टप्प्यावर न्यायालये या बाबतीत फार काटेकोर राहत नाहीत, परंतु अंतिम पुराव्याच्या वेळी हे प्रमाणपत्र नसले की चांगला पुरावा बाजूला पडतो. म्हणून वकिलांकडून ते सुरुवातीलाच तयार करून घ्यावे. पतीशी झालेले संभाषण त्याला न सांगता ध्वनिमुद्रित केले असेल तर ते चालेल का, हा प्रश्न बऱ्याच जणी दबक्या आवाजात विचारतात. पती-पत्नींमधील वैवाहिक खटल्यात असे ध्वनिमुद्रण पुराव्यात घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी म्हटले आहे. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी साध्या कागदावर, तारखेसह, "अमुक व्यक्ती अमुक वेळी आली आणि असे बोलली" इतके लिहून दिले तरी त्याचा मोठा उपयोग होतो. पोलिसांच्या अदखलपात्र नोंदीची प्रतही जोडावी. त्या नोंदीने त्यावेळी तुमचे काम झाले नसेल, पण त्या तारखेला तुम्ही तक्रार केली होती हे तिच्यावरून सिद्ध होते, आणि "हे सगळे नंतर सुचलेले आहे" या ठरलेल्या बचावाला ती परस्पर उत्तर देते.

पतीला नोटीस लागण्यापूर्वीच आदेश मिळतो का? कलम २३ प्रमाणे मिळतो. ठरलेल्या नमुन्यातील शपथपत्रावरून हिंसाचार झाला आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे प्रथमदर्शनी दिसले तर एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो. परंतु या अधिकाराचा वापर न्यायालये जपून करतात आणि मला ते योग्य वाटते, कारण ज्याचे म्हणणे ऐकलेले नाही त्याच्या हालचालींवर ही बंधने येत असतात. एकतर्फी आदेश हवा असेल तर नोटीस पोहोचेपर्यंत थांबणे धोक्याचे का आहे, हे शपथपत्रात वेगळ्या परिच्छेदात लिहावे लागते. नोटीस मिळताच मुलाला शाळेतून उचलून नेईन असा संदेश त्याने पाठवलेला असेल, किंवा गेल्या दहा दिवसांत येण्या-जाण्याचे प्रमाण एकदम वाढले असेल, तर ते कारण ठोस आहे. तसे काही नसेल तर पहिल्या तारखेला फक्त नोटीस निघेल आणि पतीचा से, म्हणजे लेखी म्हणणे, आल्यावर अंतरिम अर्जावर सुनावणी होईल. त्याने खचून जाऊ नका. कायद्यात पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि अर्जाचा निकाल साठ दिवसांत व्हावा, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात अंतिम निकालाला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि म्हणूनच अंतरिम आदेशावर सगळी शक्ती लावावी, असे मी प्रत्येकीला सांगते.

मागणी कशी लिहिली आहे, यावर आदेशाचे मोल ठरते. फार वर्षांपूर्वी एका प्रकरणात "प्रतिवादीने अर्जदारास कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये" असा आदेश आम्ही मिळवला आणि मोठ्या समाधानाने घरी आलो. आठवड्याभरात तो गृहस्थ ती शिकवत असलेल्या शाळेच्या समोरच्या चहाच्या टपरीवर रोज मधल्या सुट्टीत येऊन बसू लागला. काही बोलत नसे, फक्त फाटकाकडे पाहत बसे. तिने पोलिसांना बोलावले. आलेल्या हवालदारांनी आदेश दोनदा वाचला आणि प्रामाणिकपणे विचारले, "बाई, चहा पिणे त्रासात धरायचे का?" चूक त्यांची नव्हती, मसुदा लिहिणाऱ्यांची होती, म्हणजे माझी होती. आदेशात बदल करून घेण्यासाठी आम्हाला पुन्हा दीड महिना न्यायालयात जावे लागले, आणि तो दीड महिना तिने मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीबाहेर पाऊल टाकले नाही.

तेव्हापासून मी मागणी शब्दाशब्दाने बांधते. कलम १८ मध्ये कोणकोणत्या गोष्टींना मनाई करता येते ते दिलेले आहे. हिंसाचाराचे कृत्य करणे किंवा त्यास मदत करणे, नोकरीच्या ठिकाणी, मुलाच्या शाळेत किंवा अर्जदार नेहमी जाते अशा जागी प्रवेश करणे, प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, दूरध्वनीने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क साधणे, संयुक्त मालमत्ता, बँक खाती व लॉकर परस्पर हाताळणे, आणि अर्जदाराला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देणे, या सर्वांना मनाई करता येते. शेवटी न्यायालयाला योग्य वाटेल अशा अन्य कृत्यालाही मनाई करण्याची मुभा आहे, आणि टपरीची सोय तिथे लावता येते. तुमच्या प्रकरणात मी साधारण असे मागितले असते: "प्रतिवादीने अर्जदाराच्या पतसंस्थेत, माहेरच्या घरात आणि मुलाच्या शाळेत प्रवेश करू नये, तसेच या तिन्ही जागांपासून शंभर मीटरच्या आत थांबू नये, अर्जदाराशी स्वतः, दुसऱ्या व्यक्तीमार्फत किंवा अन्य क्रमांकावरून संपर्क साधू नये, अर्जदाराचे वरिष्ठ, सहकारी व नातेवाईक यांना अर्जदाराच्या चारित्र्याविषयी तोंडी, लेखी अथवा कोणत्याही समाजमाध्यम गटावर काही कळवू नये." तिन्ही जागांचे पूर्ण पत्ते आदेशात आले पाहिजेत. शंभर मीटर हे अंतर कायद्यात दिलेले नाही, ते जागा पाहून ठरवावे लागते. गावात घरे लागून असतील आणि त्याच्या मामाचे घर त्याच गल्लीत असेल, तर न पाळता येण्याजोगी मनाई मागून न्यायालयाची नाराजी ओढवून घेऊ नये.

आता पुण्याचा प्रश्न. पुण्याला जाण्याची गरज नाही. कलम २७ प्रमाणे अर्जदार जेथे कायमची किंवा तात्पुरती राहते किंवा नोकरी करते तेथील प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि तेथे झालेला आदेश भारतभर लागू असतो. पुण्यात चालू असलेल्या प्रकरणातही कलम २६ खाली हाच दिलासा मागता येतो, परंतु पती तुमच्या पतसंस्थेसमोर उभा राहणार असेल तर ज्या पोलीस ठाण्याला धावून यायचे आहे त्याच्या हद्दीतील न्यायालयाचा आदेश हाताशी असणे सोयीचे, असे माझे मत आहे. अर्जात पुण्याच्या प्रकरणाचा क्रमांक आणि सद्यस्थिती न चुकता नमूद करा. ते लपवले आणि समोरच्या वकिलांनी दाखवून दिले, की तुमच्या बाकीच्या खऱ्या विधानांकडेही संशयाने पाहिले जाते.

उशिराच्या मुद्द्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिले आहे. फौजदारी तक्रारीसाठी असलेली एक वर्षाची मुदत कलम १२ च्या अर्जाला लागू होत नाही. पुढच्याच महिन्यात, म्हणजे मे २०२२ मध्ये, त्याच न्यायालयाने आणखी दोन अडथळे दूर केले. संरक्षण अधिकाऱ्यांचा घटना अहवाल नसला तरी दंडाधिकाऱ्यांना आदेश देता येतो, आणि अर्ज करताना बाई त्या घरात प्रत्यक्ष राहत असलीच पाहिजे असे नाही. तरीही संरक्षण अधिकाऱ्यांना भेटावे, असे मी सांगेन. महिला व बालविकास विभागाचे हे अधिकारी अर्ज भरण्यापासून नोटीस बजावण्यापर्यंत मदत करतात, आणि त्यांचा नीट लिहिलेला अहवाल न्यायालय लक्षपूर्वक वाचते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न किती आहे हे न पाहता मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे आणि महिलांसाठीचा १८१.

सासू आणि नणंद यांच्याबद्दल मी तुम्हाला आवरते घेण्याचा सल्ला देईन. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिवादीच्या व्याख्येतील "प्रौढ पुरुष" हे शब्द रद्द केले, त्यामुळे स्त्रियांविरुद्धही अर्ज करता येतो यात शंका उरलेली नाही. परंतु अर्ज करता येतो म्हणून सगळ्या घरादाराला त्यात ओढावे असे नाही. सासूबाईंच्या शिव्यांचे दिवस आणि शब्द सांगता येत असतील तर त्यांना सामील करा आणि त्यांच्याविरुद्ध फक्त संपर्काची मनाई मागा. नणंदेने बोलणे टाकले हे मनाला लागते, ते मी समजू शकते, पण तो हिंसाचार नव्हे. सरसकट आरोप दिसले की न्यायालय पतीविरुद्धच्या ठोस आरोपांकडेही त्याच नजरेने पाहू लागते, आणि परगावी राहणाऱ्या नातेवाइकांनी उच्च न्यायालयात जाऊन आपल्यापुरती कार्यवाही रद्द करून घेतल्याने मूळ प्रकरण महिनोन्महिने रेंगाळते.

आदेश नाकारला जातो ती कारणे बहुतेक याच जातीची असतात. कौटुंबिक नातेच नसते, म्हणजे दोघे एका घरात कधी राहिलेलेच नसतात. किंवा भाऊ-बहिणींचा वाटणीचा दावा छळाच्या नावाखाली आणलेला असतो. बहिणीला या कायद्याखाली संरक्षण मागता येते, परंतु त्या अर्जातून वाटणी मिळत नाही. कधी अर्जदाराचे स्वतःचे संदेश तितकेच शिवराळ असतात आणि ते तिने जोडलेले नसतात. आणि कधी शेवटचा प्रसंग पाच-सहा वर्षांपूर्वीचा असतो, मधल्या काळात दोघांचा काडीचाही संबंध आलेला नसतो, त्यामुळे मनाई आज कशासाठी हवी हे अर्जावरून कळत नाही. जुने प्रसंग लिहू नयेत असे नाही, कायदा लागू होण्यापूर्वीच्या वर्तनाचाही विचार करता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले आहे. मात्र जुना प्रसंग आजच्या भीतीशी जोडून दाखवावा लागतो.

मुलाच्या भेटीबद्दल विशेष काळजी घ्या, कारण चांगला अर्ज येथे बिघडलेला मी पाहिला आहे. संपर्काची पूर्ण मनाई मागून वडील-मुलाचा संबंध आडमार्गाने तोडला जातो आहे असे न्यायालयाला वाटले, तर ते सावध होते आणि मग इतर मागण्याही बारकाईने तपासते. पती मुलाशी प्रेमाने वागतो असे तुम्हीच लिहिले आहे. मग मनाईच्या मागणीतच अपवाद सुचवा: मुलाची प्रकृती, शाळा आणि भेटीची वेळ एवढ्याच विषयांवर, एका ठरलेल्या ईमेल पत्त्यावर लेखी कळवता येईल, आणि भेट ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, तुमच्या भावाच्या उपस्थितीत होईल. भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असे दिसले तर कलम २१ प्रमाणे न्यायालय ती नाकारू शकते, पण त्यासाठी मुलाच्या बाबतीतला वेगळा पुरावा लागतो. अर्जदाराने आपणहून दिलेला असा अपवाद वाचून न्यायाधीशांना तुमचा हेतू कळतो, आणि उरलेली मनाई देणे त्यांना सोपे जाते.

पतीनेही तुमच्याविरुद्ध असाच अर्ज केला तर काय, अशी धास्ती तुम्ही पत्राच्या शेवटी व्यक्त केली आहे. या कायद्याखाली फक्त स्त्रीला अर्ज करता येतो. सासूबाई स्त्री म्हणून करू शकतात. ज्या पुरुषाला पत्नीकडून खरोखर छळ सोसावा लागतो, आणि असे पुरुष माझ्याकडेही येतात, त्याला वैवाहिक संबंधातून उद्भवलेल्या परिस्थितीत मनाई हुकूम मागण्यासाठी कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम ७ खाली जाता येते. तुम्ही त्याला त्रास देत नसाल तर त्याची काळजी करू नका.

आदेश मिळाला की त्याची नक्कल विनामूल्य मिळते आणि संबंधित पोलीस ठाण्यालाही पाठवली जाते. तरी तुम्ही स्वतः एक प्रत घेऊन ठाण्यात जा, ती आवक करून घ्या, आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच जवळ ठेवा. एक प्रत व्यवस्थापकांकडे आणि एक मुलाच्या शाळेत द्या. त्यानंतर त्याने मनाई मोडली तर "नवरा-बायकोचा मामला" हे उत्तर पोलिसांना देता येत नाही, कारण कलम ३१ प्रमाणे संरक्षण आदेशाचा भंग हा एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा असलेला गुन्हा आहे, आणि कलम ३२ प्रमाणे तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे. एकट्या अर्जदाराच्या साक्षीवरूनही न्यायालय तो सिद्ध झाला असे मानू शकते. कलम ३१ हे संरक्षण आदेश आणि अंतरिम संरक्षण आदेश यांच्यासाठी आहे. पोटगीची दरमहाची रक्कम थकली तर तिच्या वसुलीचा मार्ग वेगळा आहे, म्हणून ज्या गोष्टीला मनाई हवी ती कलम १८ च्या मागणीतच बसवावी. आदेशाला ठरावीक मुदत नसते, अर्जदाराने स्वतः तो रद्द करण्याची विनंती करेपर्यंत तो चालू राहतो. नंतर परिस्थिती बदलली तर कोणत्याही बाजूला बदलाची मागणी करता येते. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे, तुम्हालाही आणि त्यालाही.

शेवटी, पतीकडून समझोत्याचा निरोप येईल. बहुधा अंतरिम आदेशानंतर पंधरा दिवसांच्या आत येतो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. नांदायला जायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे, त्यात वकिलाने पडू नये. परंतु "अर्ज मागे घ्या, मग बोलू" या अटीवर साधी पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, देऊन अर्ज काढून घेऊ नका. पुन्हा फोन करणार नाही आणि पतसंस्थेच्या आवारात येणार नाही, ही हमी त्याने न्यायालयासमोर लेखी द्यावी, त्याच अटींचा आदेश व्हावा आणि तो रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, नोंदवला जावा, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा तसाच फोन वाजला तर कॅलेंडरच्या पहिल्या चौकोनापासून सुरुवात करावी लागणार नाही.